अनिकेतच्या बाई

माणूस पहिलं वाक्य बोलला की मालतीबाई निपाने त्याची पट्टी ओळखत. पेटीच्या कोणत्या सुरावर त्याचा आवाज बसतो ते तोंडावर सांगत, आणि मग त्याचं म्हणणं काय आहे ते ऐकत. दूधवाला पांढरी दोन. किराणावाल्याची बायको काळी पाच, "पण नाकातून". आमच्या मोहल्ल्यातल्या विठ्ठल मंदिराचे अध्यक्ष बाबूरावजी धकाते यांना त्या "काळी एक, तेही उतरलेली" म्हणत. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा "बाई, मी तबला वाजवतो" एवढंच बोललो होतो. त्या म्हणाल्या, "आवाज तर घाबरल्यासारखा आहे गा तुझा. हात तसा नसला म्हणजे झालं."

हात तसा नसावा, कारण त्यांनी मला ठेवून घेतलं. मी गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात नोकरी करतो. दिवसभर ठाणं उलगडायची, गुंडाळायची, आणि गुरुवारी संध्याकाळी बाईंच्या भजनी मंडळात तबल्यावर बसायचं, असं माझं एकोणीस वर्षं चाललं. मंडळ बायकांचं. पुरुष मी एकटा. बाई मला सगळ्यांसमोर "आमचा ठेका" म्हणत. नावानं हाक मारली की समजायचं, आज कुठंतरी चुकलं.

बाई विणकरांच्या घरातल्या. वडिलांचा हातमाग होता. तो केव्हाच विकला गेला, पण मागाची लांबोडी खोली तशीच राहिली आणि घरात सगळे तिला मागखोलीच म्हणत. तिथंच आमचं भजन चाले. बाईंनी मुलींच्या एका शाळेत तीस वर्षं संगीत शिकवलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "वेळ नाही भेटला." भावाचं कुटुंब वरच्या मजल्यावर, खाली बाई, त्यांची पेटी आणि एक म्हातारी मांजर.

देवावर त्यांची श्रद्धा होती, आणि ती घट्ट होती. एकादशीला पाण्याशिवाय काही घेत नसत. मात्र रविवारी त्यांच्या चुलीवर सावजी मटण शिजे आणि त्याचा ठसका अर्ध्या गल्लीला लागे. एकदा मंडळातल्या एका नव्या बाईंनी नाक मुरडलं. "भजन म्हणता अन् मटण खाता, बाई?"

"एकच तोंड देलं आहे वं देवानं," मालतीबाई म्हणाल्या. "दोन्ही त्याच्यानंच करा लागते."

गांधीबागेतल्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे सत्यनारायण होता. आम्हाला भजनाला बोलावलं होतं. अभंग रंगात आला आणि यजमान पहिल्या रांगेत बसून फोनवर मालाचं बोलू लागले. बाईंनी अर्ध्या ओळीत पेटीचा भाता मिटला. त्या हात मांडीवर ठेवून यजमानांकडे बघत बसल्या. रागानं नाही. पाहुणा कपडे बदलून येईपर्यंत आपण बसतो ना, तशा. शेवटी यजमानांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्यांनी फोन ठेवला. बाईंनी सोडलेल्या अक्षरापासून ओळ पुढं उचलली. परत येताना मी म्हणालो, "बाई, ते नाराज झाले असतील." त्या म्हणाल्या, "होऊ दे नं. नाराज माणूस पुढच्या वेळी ऐकते."

अशा बाईंकडे काटोलहून रामदासजी कळंबे आपल्या मुलाला घेऊन आले. काटोलच्या फळबाजारात त्यांची अडत होती. संत्र्यांचा लिलाव पुकारून पुकारून आवाज फाटलेला माणूस. मुलगा अनिकेत, अकरा वर्षांचा, बापाच्या मागं लपलेला. बाईंनी त्याला एक सा लावायला सांगितला. त्यानं लावला. बाई उठल्या, आत गेल्या, पदरानं तोंड पुसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दर रविवारी पहिल्या बसनं पाठवा याले. तीन महिने हा फक्त सा म्हणन. कंटाळला तर परत न्या."

अनिकेत कंटाळला नाही. अकराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत तो दर रविवारी पहिल्या बसनं येत राहिला. मटण त्याच्यासाठी कमी तिखट व्हायला लागलं, एवढ्यावरून त्याची त्या घरातली जागा ओळखावी. पुढं तो मुंबईला गेला, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोचला, आणि त्यानंतर त्यानं अभंग गायले ते घरोघरी गेले. आमच्या मंदिराच्या भोंग्यावर पहाटे साडेपाचला त्याचा आवाज लागू लागला. चौकात त्याचा मोठा फलक लागला. खाली मंदिर समितीच्या सगळ्या सभासदांचे फोटो, वर अनिकेत, आणि एका कोपऱ्यात तिकिटाएवढ्या बाई. बाईंनी तो फलक पाहून एवढंच म्हटलं, "माझा फोटो काहून टाकला? मी काही हरवली नाही."

नंतर एका संध्याकाळी अनिकेत टीव्हीवर मुलाखतीत सरळ बोलला. लग्नाचा प्रश्न आला, नेहमीचाच. तो म्हणाला, "मी समलिंगी आहे. माझा जोडीदार आहे, जयंत. आम्ही तीन वर्षं सोबत राहतो. लपवून गायला आता जीव लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात ठाण उलगडताना तोच विषय. गंमत अशी, की सिनेमातल्या एखाद्या नटाबद्दल असं ऐकलं तर आमच्याकडे कोणी दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. मुंबईचे लोक, त्यांचं त्यांना. पण अनिकेतचं तसं नव्हतं. आमचे शेठ म्हणाले, "फिल्मी गाणं म्हणत असता तर आपल्याले काय करायचं होतं भाऊ? हा देवाचं म्हणून राहिला ना." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

बाईंनी आठ दिवस दार लावून घेतलं. गुरुवारचं भजन पहिल्यांदा रद्द झालं. वरून त्यांची भावजय सांगायची, फोन वाजतो, अनिकेतचाच असतो, त्या उचलत नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्यांच्याबद्दल आता लोक बोलतात तेव्हा त्या पहिल्या दिवसापासून उभ्या राहिल्या असं बोलतात. तसं झालं नाही. आठ दिवस त्या मागखोलीत एकट्या बसून होत्या.

नवव्या दिवशी पहाटे भोंग्यावर दुसराच कोणीतरी गाऊ लागला. बाई वेणी न घालता, चपला न घालता मंदिरात गेल्या. पुजारी दिवा लावत होते.

"अनिकेत कुठी गेला?"

"अध्यक्षांनी बंद करायला सांगितलं बाई. लोकांच्या भावना..."

"अन् याचा सूर उतरलेला आहे तो चालते? देवाले भावना नाहीत?"

त्या घरी आल्या आणि त्यांनी फोन लावला. काय बोलल्या ते भावजयीनं जिन्यातून ऐकलं. बाई म्हणाल्या, "मले माफ कर बापू. मी तुले दुसऱ्यांदा एकटा टाकत होती." त्या 'दुसऱ्यांदा'चा अर्थ तेव्हा आम्हाला कोणालाच कळला नाही.

मंदिराचा सप्ताह माघात असतो. शेवटच्या दिवशी अनिकेतचं गायन, हे चार महिने आधीच ठरलं होतं. आता प्रवचनाला बाहेरून येणाऱ्या महाराजांनी निरोप पाठवला, त्या व्यासपीठावर तो मुलगा बसणार असेल तर मी येणार नाही. समितीची सभा मंदिराच्या सभामंडपात भरली. चाळीसेक माणसं होती. बाबूरावजींनी मोठ्या सभ्यपणे विषय मांडला. ते वाईट गृहस्थ नाहीत. माझ्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात त्यांनी रात्री काढल्या आहेत. ते म्हणाले, "मुलगा गुणी आहे. त्याच्या घरात काय करते त्याच्याशी आपल्याले घेणं नाही. पण हे देवाचं ठिकाण आहे. धर्मात बसत नाही ते इथं बसवता येत नाही."

बाई उठल्या.

"बाबूरावजी, धर्माचं मले तुमच्याइतकंच समजते. म्हणून सांगते. हे पोट्टं सतरा वर्षांचं होतं, तवा माझ्या मागखोलीत बसून रडलं होतं. म्हणे, बाई, मी असा आहे, मी देवाले नको आहे काय? मी काय सांगितलं असन? मी त्याले सोळा सोमवार सांगितले. म्हटलं, उपास कर, सगळं ठीक होते, पुढं लग्न होते. त्यानं सोळा नाही केले, वर्षभर केले. दर सोमवारी पाण्यावर राहून रियाज करे. एकदा रविवारचा इथंच थांबला अन् सोमवारी माझ्यासमोर चक्कर येऊन पडला, तरी मी म्हटलं, सोडू नको."

बाईंनी गाभाऱ्याकडे एकदा पाहिलं.

"वर्षानंतर तो म्हणे, बाई, काही बदललं नाही. मी म्हटलं, मंग कोणाले सांगू नको. तो गप राहिला. दहा वर्षं गप राहिला. आता तुम्ही मले सांगा. त्यानं एवढं मागितलं, माझ्या शब्दानं मागितलं. विठ्ठलानं त्याच्यातलं काहीच बदलवलं नाही. आवाज तेवढा वाढवत नेला. मंग विठ्ठलाले ऐकू आलं नाही, का त्याले बदलवायचंच नव्हतं? चूक त्या पोट्ट्याची नाही. चूक माझी आहे, अन् ती मी देवासमोर कबूल करून राहिली. तुम्ही तीच चूक माईक लावून करू नका."

बाबूरावजी म्हणाले, "बाई, तुमचं मन समजते. पण महाराजांना नाही म्हणता येणार नाही." हात वर करायला सांगितलं. कार्यक्रम रद्द करण्याच्या बाजूनं बहुतेकांचे हात वर झाले, काही लगेच, काही शेजाऱ्याकडे बघून. मी कोणत्याच बाजूनं हात वर केला नाही. तेव्हा मला तो शहाणपणा वाटला होता.

मंदिरातली पेटी बाईंची स्वतःची होती. त्यांनी ती खोक्यात बंद केली आणि उचलून चालू लागल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखरे. सभामंडपाच्या मध्यावर त्यांनी ती खाली ठेवली, श्वास घेतला, पुन्हा उचलली. पायऱ्यांजवळ पुन्हा ठेवली. तेव्हा कुठं मी उठलो. मी कडी धरली तशी त्या म्हणाल्या, "उशिरा आला, पण समेवर आला." मला फार लाज वाटली.

घरी पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, त्याच वेळी, अनिकेत मागखोलीत गाणार. मंडळातल्या चौदा बायकांना निरोप गेले. पाच जणी हो म्हणाल्या. माझ्या घरी बायको म्हणाली, मुलीचं लग्न ठरवायचं आहे, तुम्ही कायले पुढं होता? मी तिला म्हटलं, मी मागंच बसतो, तबल्यावर. ती हसली नाही, पण तिनं अडवलंही नाही.

मग बाई म्हणाल्या, काटोलला जायचं. मुलाखतीनंतर रामदासजींनी मुलाशी बोलणं टाकलं होतं. आम्ही सकाळच्या बसनं गेलो. बाजारात संत्र्यांचे ढीग, लिलावाचा गलका. बाई ढिगांमधून वाट काढत थेट रामदासजींसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी पुकारा थांबवला, आम्हाला गाळ्यात नेलं, चहा सांगितला.

"चहा मंग पिऊ," बाई म्हणाल्या. "सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी पोट्टा गाणार आहे माझ्या घरी. तुम्ही या."

रामदासजी खुर्चीच्या हाताला नखानं खरवडू लागले. "तो टीव्हीवर बोलला तवा मी इथंच बसलो होतो, बाई. सगळ्या बाजारानं पाहिलं. गेली वीस वर्षं मी इथं मान वर करून पुकारा केला. आता पुकारतो तर लोक भाव ऐकत नाहीत, माझं तोंड पाहतात. त्यानं मले आधी घरी नाही सांगितलं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

रामदासजींनी मान वळवून गाळ्याबाहेरच्या ढिगांकडे पाहिलं.

"मले सांगितलं होतं त्यानं," बाई म्हणाल्या. "मी त्याले उपाशी ठेवलं. म्हणून तुम्हाले नाही सांगितलं. राग धरायचा तर माझ्यावर धरा. तो मले सोसता येते."

चहा आला. रामदासजींनी तो बाईंपुढं सरकवला. "पाहतो," एवढंच म्हणाले.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मंदिरात महाराजांचं प्रवचन आणि शंभर पावलांवर मागखोलीत आमचं भजन. पाच बायका, मी, वरची भावजय, आणि बाईंच्या शाळेतल्या जुन्या सोबतीण वंदनाबाई गजभिये. वंदनाबाई बौद्ध, देवाधर्माच्या कार्यक्रमाला कधी न जाणाऱ्या. दारातच म्हणाल्या, "मालती, मी तुझ्या विठ्ठलासाठी नाही आली. माझ्या आजोबाले याच मंदिराच्या पायरीवरून हाकललं होतं. आज कोणाले हाकललं ते पाहाले आली."

"बस," बाई म्हणाल्या. "समोर बस."

अनिकेत आला तो जयंतला घेऊन. उंच, सावळा, चष्मेवाला मुलगा, कुठं बसावं ते न कळून भिंतीला टेकून उभा. खोलीतल्या सगळ्या बायका त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. बाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "तू बोलला नाहीस अजून. बोल काहीतरी."

"नमस्कार, बाई," तो म्हणाला.

"पांढरी एक. बरा आहे. टाळ वाजवता येते?"

"नाही."

"इतके दिवस गाणाऱ्यासोबत राहतो अन् टाळ येत नाही?" त्यांनी टाळ त्याच्या हातात दिले आणि माझ्या शेजारी बसवलं. तो पहिल्या अभंगात तीन वेळा चुकला. तिसऱ्या वेळी बाईंनी भाता मिटला आणि त्याला भरसभेत बोलल्या, मला बोलतात तशाच. तेव्हा त्या पाचही बायका हसल्या आणि खोलीतला अवघडलेपणा गेला.

अनिकेत गायला. चांगलं गायला असं म्हणणं कमी पडेल, पण जास्त काही सांगण्याइतकं गाणं मला कळत नाही. दारंखिडक्या उघड्या होत्या. तिसऱ्या अभंगाला गल्लीत चार माणसं थांबलेली दिसली, मग दहा. आत कोणी आलं नाही. उभे राहून ऐकत होते, ओळखीचं कोणी दिसलं की चालू लागत होते. त्या गर्दीच्या मागं, समोरच्या घराच्या ओट्याला पाठ लावून रामदासजी उभे होते. बाईंनी त्यांना माझ्याआधी पाहिलं असणार, कारण त्यांनी कार्यक्रम अर्धा तास वाढवला.

शेवटी अनिकेत बाहेर गेला आणि वडिलांच्या पायांकडे वाकला. रामदासजींनी पाय मागं घेतले. गल्लीतले लोक बघत होते. मग ते फाटक्या आवाजात, दुसरीकडे बघत म्हणाले, "वरचा आवाज खरखरला तुझा. गार पाणी पिऊन राहिला काय?" अनिकेत 'हो' म्हणाला. रामदासजी आत आले नाहीत. बाईंनी वडाभाताचं ताट त्यांना ओट्यावर पाठवलं. ते उभ्याउभ्याच जेवले आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. अनिकेत त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेला.

मंडळातल्या नऊ बायका परत आल्या नाहीत. त्यातल्या दोघी तेवढ्या वर्षभरानं आल्या. मंदिराच्या कार्यक्रमांना बाईंना कोणी बोलावलं नाही, आणि बाईंनी दर्शनाला जाणं एक दिवसही सोडलं नाही. बाबूरावजी समोर आले तर त्या "काळी एक, कशी आहे तब्येत?" असंच विचारत. अनिकेतचे दोनतीन मंदिरांतले कार्यक्रम गेले आणि नाट्यगृहातले वाढले. लोक तिकीट काढून तेच अभंग ऐकत होते. माझ्या शेठनीही कुटुंबासह ऐकले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गुणगुणत होते. मी ठाण उलगडत राहिलो. माझ्या मुलीचं लग्न ठरलं, कोणी काही विचारलं नाही.

बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. झोपेतच. पण मला त्या दिसतात त्या त्याआधीच्या हिवाळ्यातल्या.

पहाटे मंदिरात येणाऱ्या म्हाताऱ्यांनीच कुरकूर केली होती, की भोंग्यावरच्या नव्या गाणाऱ्यानं झोपही उडत नाही आणि देवही जागा होत नाही. बाबूरावजींनी अनिकेतचे अभंग पुन्हा लावायला परवानगी दिली. पण प्रत्येक अभंगाआधी गायकाचं नाव सांगणारा एक आवाज होता, तेवढा कापायला लावला. लोकांनी ऐकावं, कोणाचं ते आठवू नये. हे समजलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाई रोज पहाटे साडेपाचला मंदिरात जाऊ लागल्या.

मी एकदा मुद्दाम लवकर उठून गेलो. धुकं होतं. भक्त सात-आठ, पुजारी, आणि खांबाशी शाल गुंडाळून बाबूरावजी. बाई पायरीवर उभ्या होत्या, एका हातानं कठडा धरून. भोंगा खरखरला. पहिला अभंग सुरू व्हायच्या आधी, कापलेल्या जागेत दोन क्षण शांतता होती. बाईंनी मान वर केली आणि वर्गात हजेरी घेतात तशा स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "गायक, अनिकेत रामदास कळंबे, काटोल."

अभंग सुरू झाला. पुजाऱ्यांनी बाबूरावजींकडे पाहिलं. बाबूरावजींनी शाल आणखी घट्ट केली आणि ते गाभाऱ्याकडे बघत राहिले. बाई अभंग संपेपर्यंत थांबल्या. दुसरा अभंग लागायच्या आधी पुन्हा तेवढीच शांतता आली, आणि त्यांनी पुन्हा नाव घेतलं.